आधी कापलेली, मग अख्खी

आमच्या वहिनीबरोबर टीव्ही बघणं म्हणजे शिक्षा आहे. मालिकेत कुणी कुणाच्या थोबाडीत मारली की आपला हात तोंडावर जातो, आणि ही शेजारून शांतपणे म्हणते, "हात लागलाच नाही. मध्ये कापलंय, आवाज नंतर घातलाय." बातम्या लावल्या तर, "तो कशावर हसतोय ते दाखवलंच नाही बघ." माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, उठून दुसऱ्या खोलीत जातो. मी कुठे जाणार? घरात ती, शाळेतही तीच. ती आमच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि मी तिथेच ऑफिसात कारकून आहे.

हे डोळे तिला आले कुठून, तर तिच्या आधीच्या नोकरीतून. लग्नाच्या आधीपासून ती एका लहानशा वृत्तवाहिनीत एडिटिंग करायची. बिनखिडकीची खोली, समोर दोन पडदे, कानावर हेडफोन, आणि दिवसभर माणसांची बोलणी कापायची नि जोडायची. कुणी पाच वाक्यं बोलला असेल तर त्यातलं एक ठेवायचं. गर्दी कमी असली तर कॅमेरा खाली धरून काढलेला तुकडा लावायचा, म्हणजे गर्दी दाट दिसते. ती त्यात तरबेज होती. मूल झाल्यावर तिथल्या पाळ्या जमेनात, म्हणून सोडलं. चित्रकलेची पदविका होतीच. आमच्याकडे जागा निघाली तेव्हा मीच मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर घातलं. म्हणजे पुढे जे झालं त्यात थोडा हात माझाही म्हणायला हवा.

सुरुवातीला ती बिचारी इतरांसारखीच घडे आणि फळं काढायला शिकवायची. मग एकदा सातवीतल्या एका मुलीने डबा खाणं सोडलं. का, तर मोबाइलमधल्या मुली केवढ्या बारीक आणि आपण केवढ्या जाड. वहिनीने तिला उपदेश वगैरे केला नाही. वर्गात स्वतःचा फोटो काढला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर स्वतःला बारीक करत नेलं. कंबर गेली, गाल गेले, मान लांब झाली. तो फोटो भावाने पाहिला आणि विचारलं, "ही कोण? लग्न झालंय का हिचं?" त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. पण ती मुलगी डबा खायला लागली, हेही खरं.

तेव्हापासून वहिनी मोठ्या बाईंच्या मागे लागली, आठवड्यातून एक तास द्या, 'चित्रवाचन' शिकवते. गणिताचे सर म्हणाले, "वाचतात ते पुस्तक. चित्र बघतात." मीही हसले, उगाच कशाला नाही म्हणू? पण तास मिळाला, आणि पोरं अशी रमली की मधल्या सुट्टीतही उठेनात. ती प्रत्येकाला पुठ्ठ्याची चौकट करायला लावायची, त्यातून खिडकीबाहेर बघायला लावायची आणि विचारायची, "चौकटीबाहेर काय राहिलं?" म्हणून पोरांनी तिचं नाव ठेवलं चौकटबाई. तिला कळलं तेव्हा खूश झाली, वेडी.

आता खरं सांगायचं ते. आठवीला तिने एक काम दिलं. एखादी साधीसुधी गोष्ट मोबाइलवर टिपायची, आणि काहीही नवं न टिपता, नुसतं कापून आणि आवाज बदलून तिचा अर्थ उलटा करायचा. एका गटाने आमच्या बसकाकांची परवानगी घेतली. बसकाका म्हणजे तीन नंबरच्या बसचे ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेला माणूस, आवाज पहाडी, आणि बसमधल्या प्रत्येक पोराला टोपणनाव ठेवायची खोड. पहिलीतल्या एका एवढ्याशा मुलीला ते लवंगी म्हणायचे, कारण ती दिसायला टीचभर आणि तिखट अशी की मागच्या सीटवरच्या दांडग्यांनाही गप्प बसवायची.

शाळा सुटली होती. काका बसची काच पुसत होते आणि आठवीची पोरं ते टिपत होती. लवंगी दाराशी पाठमोरी उभी होती. तिच्या मानेवर, वेणीखाली, गांधीलमाशी बसली. काका ओरडले, "थांब! हलू नकोस!" दोन ढांगांत पुढे आले आणि हाताच्या फटक्याने माशी उडवली. लवंगी दचकली आणि तिने भोकाड पसरलं. काका म्हणाले, "गेली बघ, गेली!" पोरं हसली, आणि हसता हसता मोबाइल बंद झाला. एवढंच झालं होतं.

पोरांनी घरी बसून ते कापलं. काच पुसणं गेलं, "गेली बघ" गेलं, हसू गेलं. उरलं काय, तर एक मोठा माणूस ओरडत येतो, हात उगारतो, आणि एवढीशी पोर रडते. वर त्यांनी बाकावर लाकडी पट्टी आपटून सण्णकन आवाज घातला. वहिनीने ती कापलेली क्लिप वर्गात दाखवली. सगळ्यांचा श्वास अडकला. मग अख्खी दाखवली, तर वर्ग हसून लोळला. घरी येऊन मला म्हणाली, "ताई, इतका चांगला तास मी आयुष्यात घेतला नव्हता." तोंड नुसतं फुललं होतं.

आणि त्या आनंदाच्या भरात तिने पोरांना गृहपाठ दिला. तोच नडला. दोन्ही क्लिपा घरी न्या, आधी कापलेली दाखवा, काय दिसलं ते विचारा, मग अख्खी दाखवा. असा गृहपाठ आमच्या चौकटबाईशिवाय जगात कुणाला सुचणार? पोरीबाळी आज्ञाधारक. एका मुलीने आपल्या मावशीला आधी कापलेली दाखवली. मावशी म्हणाली, "अगं बाई, केवढं हे! मला पाठव बरं." मुलीने पाठवली आणि म्हणाली, "थांब मावशी, अजून एक आहे." मावशी कसली थांबते! पोरगी दुसरी शोधेपर्यंत हिने पहिली तीन ठिकाणी पुढे ढकलून टाकली होती, वर रागाने लाल झालेली तोंडं लावून.

सकाळी मी शाळेत पोचले तर फाटकाशी ही गर्दी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलमधून तो पट्टीचा आवाज. सट्. सट्. बसकाका बस घेऊन आले तेव्हा पालकांनी पोरांना दारातूनच ओढून घेतलं. एकाने बसच्या काचेवर थाप मारली. काकांना काय झालंय तेच कळेना. ते खिडकीतून मला विचारत होते, "ताई, काय झालं? कुणाला लागलं का?"

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडून बसची किल्ली मागून घेतली आणि पालकांची बैठक होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्या वाईट नाहीत, पण घाबरट आहेत, आणि घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. वहिनी धावत अख्खी क्लिप घेऊन आली. फाटकाशी उभं राहून एकेकाला दाखवत होती. "बघा ना, माशी होती, ऐका, 'गेली बघ' म्हणतायत." लोक बघायचे आणि विचारायचे, "माशी कुठे दिसतेय?" माशी कुठून दिसणार? एवढीशी ती, आणि लवंगी होती बसच्या सावलीत. मग एका गृहस्थाने ते वाक्य टाकलं. अगदी नम्रपणे बोलला हो. "बाई, आवाज नंतर घालता येतो, हे आमच्या मुलीला तुम्हीच शिकवलंत. मग हे 'गेली बघ' तुम्ही नंतर घातलं नसेल कशावरून?"

टिपणारी पोरंही माशी होती म्हणून सांगत होती, पण कापलं होतं त्यांनीच, त्यांचं कोण ऐकणार? वहिनीचंच शिकवणं तिच्या गळ्याशी आलं होतं.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. काकांची बायको ऑफिसात फोन करायची. रडायची नाही, नुसतं विचारायची, "काही ठरलं का?" एकदा काका स्वतः आले, मागच्या दाराने, चोरासारखे. वीस वर्षं पुढच्या दाराने आलेला माणूस. वहिनी त्यांच्यासमोर उभीही राहू शकत नव्हती. म्हणाली, "माझ्यामुळे झालं, काका." ते म्हणाले, "नोकरीचं सोडा हो बाई. दुसरी गाडी चालवीन. पण काल माझा नातू माझ्या मांडीवर बसला होता, तर सुनेने त्याला उचलून नेलं. बोलली काही नाही. नुसतं उचललं."

त्या संध्याकाळी मालिकेत कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारली, आणि वहिनी काहीच बोलली नाही. मी वाट बघत होते. भाऊही दारात थांबला होता. शेवटी मीच म्हटलं, "कापलंय ना गं?" तर म्हणाली, "काय माहीत." तेव्हा माझं धाबं दणाणलं.

आणि माझी जीभ! मला कुणी सांगितलं होतं बोलायला? मी म्हटलं, "वहिनी, पण तू तिथे नव्हतीस. खरंच मारलं असेल तर?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "अख्खी क्लिप मी आज इतक्यांदा पाहिली, ताई, की मलाही आता मारल्यासारखंच दिसायला लागलंय. हात बघते आणि तो आवाज मनात आपोआप वाजतो. नसलेला."

मी तिला म्हटलं, लवंगीलाच विचारू या की, तिच्याइतकं कुणाला माहीत? वहिनी म्हणाली, "त्याचीच मला भीती वाटते." मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणतेय ते.

बैठक झाली ती मोठ्या बाईंच्या खोलीत. लवंगीचे आईवडील, मोठ्या बाई, वहिनी, आणि नोंद घ्यायला मी. काकांना बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं होतं. लवंगी आईला चिकटून बसली होती. ज्या पोरीने बस डोक्यावर घ्यावी, तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता. मोठ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "बाळा, काकांनी तुला काय केलं?"

"मारलं," लवंगी म्हणाली.

वहिनीने डोळे मिटले. वडील म्हणाले, "आता अजून काय हवं?" आणि खरं सांगते, मीही मनात म्हटलं, संपलं.

"कसं मारलं, बाळा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

लवंगी उभी राहिली आणि तिने करून दाखवलं. "काका तिकडून आले. असा हात केला. मग माझी वेणी अशी उडाली. मग मी अशी वळले आणि माझं तोंड असं झालं." आणि तिने तोंड केलं. क्लिपमध्ये होतं, हुबेहूब तसं.

वहिनी खुर्चीवरून उठून तिच्यापुढे जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही पोरीला खोटं पाडणार. एवढ्याशा पोरीला खोटं पाडून काकांना वाचवायचं, हे तिला जमलं नसतं, आणि जमलं असतं तर मला बघवलं नसतं. पण तिने तसं काही केलं नाही. हळूच विचारलं, "तुझी वेणी तुझ्या पाठीवर असते ना गं? उडालेली तुला कशी दिसली?"

"मोबाइलमध्ये," लवंगी म्हणाली. त्यात काय विचारायचं, असा तिचा चेहरा होता.

"बरं. मोबाइल नको आता. तू बसपाशी उभी होतीस. तुझ्या समोर काय होतं?"

लवंगीने विचार केला. "पायरी," ती म्हणाली. "पायरीवर कुणाचीतरी पाण्याची बाटली पडली होती. निळी." मग जरा थांबून, "मानेवर गुदगुल्या झाल्या. काकांनी मानेवर फू फू केलं."

"फू फू का केलं?"

"माशी चावली का बघायला. नव्हती चावली."

ती बाटली क्लिपमध्ये नाही. ते फू फूसुद्धा नाही, तोवर पोरांनी मोबाइल बंद केला होता. वहिनीने कुणाकडेच पाहिलं नाही, पण लवंगीच्या आईने नवऱ्याचा हात धरला आणि एकदम बोलायला लागली. "पहिल्या दिवशी ही माशीच म्हणत होती हो. आम्हाला वाटलं, घाबरून लपवतेय. म्हणून परत परत क्लिप दाखवली, नीट आठव म्हणून. मग घरी येईल त्याला दाखवत होतो, ही शेजारी बसलेली असायची. मग ही मारलं म्हणायला लागली, आणि आम्ही म्हटलं, चला, बोलली एकदाची." वडिलांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "बाई, आमची काही तक्रार नाही. काकांना आत बोलवा, मी त्यांच्या पाया पडतो." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नोंद कसली घेते!

तेवढ्यात लवंगी म्हणाली, "फू फू केलं. आणि मग मारलं."

ते वाक्य कुणी मनावर घेतलं नाही. सगळे उठले होते, काका आत आले होते, वडील त्यांचा हात हातात घेऊन माफी मागत होते. फक्त वहिनी जमिनीवरून उठली नव्हती.

काकांना किल्ली परत मिळाली. ज्या ज्या ठिकाणी कापलेली क्लिप गेली होती तिथे वडिलांनी स्वतः खुलासा पाठवला. काहींनी वाचला, काहींनी नसेल वाचला. काकांच्या सुनेने नातवाला परत त्यांच्या मांडीवर बसवलं, असं त्यांच्या बायकोने मला फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी मात्र ती रडली. आमच्या घरीही सगळ्यांना जेवण गेलं. मला वाटलं, सुटलो.

पण दुपारी शाळा सुटली की लवंगी तीन नंबरच्या दाराशी यायची आणि थिजायची. काकांनी नुसतं "चल गं लवंगी" म्हटलं तरी दोन्ही हात मानेवर धरायची. ढोंग नव्हतं ते, पोर थरथरायची. काका स्टिअरिंगवरचे हात खाली घेऊन मांडीखाली दाबून बसायचे, तिला दिसू नयेत म्हणून. तरी ती चढायची नाही. शेवटी आई येऊन घेऊन जायची.

वहिनी म्हणाली, अख्खी क्लिप लवंगीने कधी पाहिलीच नाहीये, सगळ्यांनी तिला कापलेलीच दाखवली. आपण अख्खी दाखवू या. तिच्या आईला विचारून तिने लवंगीला चित्रकलेच्या खोलीत आणलं. मीही गेले. काका दाराबाहेर उभे राहिले, भिंतीला टेकून, आतून दिसणार नाहीत असे.

लवंगी वहिनीच्या मांडीवर बसली. क्लिप सुरू झाली. काका काच पुसतायत, लवंगी म्हणाली, "ती माझी बस." काका ओरडले, तिने वहिनीचा दंड घट्ट धरला. हात आला, वेणी उडाली, पडद्यावरची लवंगी रडली. "गेली बघ, गेली!" मग पोरांचं हसू, आणि मांडीवरची लवंगीसुद्धा हसली. खुदकन हसली हो, पहिल्यासारखी. मी वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. क्लिप संपली.

लवंगी पडद्याकडे बघत राहिली. "संपलं?"

"संपलं, बाळा."

"आणि मारलेलं?"

"मारलंच नाही गं. पाहिलंस ना आत्ता?"

लवंगीने वळून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी समजूतदारपणे. "बाई," तिने हळूच विचारलं, "मारलेलं तुम्ही कापलंत का?"

वहिनी "नाही गं, नाही" म्हणाली. लवंगीने मान डोलवली, मोठ्या माणसांना वाईट वाटू नये म्हणून मुलं डोलवतात तशी, आणि मांडीवरून उतरून आईकडे गेली.

मी ऑफिसात परतले तर काका माझ्या खिडकीशी उभे होते. त्यांनी तीन नंबरची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "पाच नंबरची द्या, ताई," ते म्हणाले. "तिकडच्या ड्रायव्हरशी बोललोय मी, तो तीन घ्यायला तयार आहे. तो जरा हळू बोलतो." मी म्हटलं, "काका, अहो पण तुमच्यावरचा आळ गेला ना? सगळ्यांना पटलंय." ते म्हणाले, "हो, सगळ्यांना पटलंय," आणि हात पुढे धरून उभे राहिले. मी पाच नंबरची किल्ली काढून दिली.